अर्धी अर्धी टोपली

‘‘दोघं का?’’ दारातल्या बाईंनी विचारलं, आणि तिने ‘एकटी’ म्हणायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘हो, दोघंच.’’

तिने वळून पाहिलं. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि चेहऱ्यावर थोडी लाज. रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. त्याने घाईघाईने खुलासा केला – रविवारी सकाळी या डिमसमच्या हॉटेलात एकट्या माणसाला तासभर कोणी विचारत नाही, जोडीला मात्र लगेच टेबल मिळतं. आत गेल्यावर ती त्याच्याशी एक अक्षरही बोलली नाही तरी चालेल. तिच्या पोटात कावळे ओरडत होते. ती मुकाट्याने आत गेली.

न बोलण्याचा करार पहिल्या टोपलीपर्यंतच टिकला. वेताच्या टोपलीचं झाकण उघडलं, वाफ वर गेली आणि खाली कोळंबीची चार डंपलिंग दिसली. वरची पारी इतकी पातळ की आतला गुलाबी रंग बाहेर डोकावत होता. तो म्हणाला, एकट्या माणसाचं पोट दोन टोपल्यांत भरतं, म्हणजे दोनच प्रकार चाखून होतात. दोघांनी अर्धं अर्धं केलं तर चार प्रकार होतात. बोलणं तसं बिनतोड होतं. दोघांनी चार टोपल्या मागवल्या, आणि मग पाचवीही.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरभरच्या इमारतींमध्ये त्याचं जाणं-येणं असे, आणि ज्या इमारतीत लिफ्ट नीट करायची तिच्या आसपास काय शिजतंय याचा वास तो आधी काढून ठेवायचा. दुरुस्तीच्या एका जुन्या अर्जाच्या पाठीमागे त्याने सतरा ठिकाणं लिहून ठेवली होती : कुठे मोमो, कुठे तव्यावर एका बाजूने खरपूस केलेले ग्योझा, कुठे आत गरम रस्सा भरलेली डंपलिंग. त्यातली तीनच झाली होती. एकट्याने जायला जिवावर येतं, असं तो म्हणाला आणि अर्ज तिच्यापुढे सरकवला.

ती कान तपासायची. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा खोलीत माणसांना हेडफोन लावून बसवायचं, काचेच्या अलीकडून बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं. दिवसभर इतकी शांतता की रविवारी तिला गजबज हवीहवीशी वाटायची. तिने अर्ज वाचला आणि चौथ्या ठिकाणावर बोट ठेवलं.

मग दर रविवारी हेच सुरू झालं. बसडेपोमागच्या तळघरात एक बाई अंगठ्याने मोमोच्या चुण्या घालायच्या. एका मोमोला अठरा, कमी नाही, जास्त नाही. दुसऱ्या एका ठिकाणी नवरा पाऱ्या लाटायचा, बायको सारण भरायची, आणि दोघं एकमेकांशी अवाक्षर न बोलता शेकडो डंपलिंग वळायची. रस्सा भरलेल्या डंपलिंगला तिने एकदम दात लावला तेव्हा चिळकांडी थेट त्याच्या शर्टावर उडाली. त्याने शांतपणे आपलं डंपलिंग चमच्यात घेतलं, कडेला बारीक भोक पाडलं, आधी रस्सा प्यायला आणि म्हणाला, ‘‘आधी सांगणार होतो… पण तुमचा उत्साह बघून गप्प बसलो.’’

ती बोलायला लागली की तो सगळं सोडून तिच्याकडे बघायचा. काड्या हातात तशाच राहायच्या. थोडा पुढे झुकायचा, मान किंचित वळवायचा, आणि नजर तिच्या ओठांवर. असं आजवर तिचं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं. घरी भाऊजी टीव्हीकडे बघत हुं हुं करायचे आणि ताई अर्ध्यातच वाक्य तोडायची.

ताईला तिने सांगितलं होतं की आम्ही फक्त खायला जातो.

‘‘फक्त खायला कोणी सतरा हॉटेलं पालथी घालत नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘आणि खायला जाताना कानातले बदलून कोण जातं?’’

नवव्या ठिकाणी मोठा हॉल होता. डिमसमच्या ढकलगाड्या खडखडत टेबलांमधून फिरत होत्या, झाकणं आपटत होती, त्यांच्याच गोल टेबलावर दुसरं एक मोठं कुटुंब बसलं होतं. तिला त्याच्या डाव्या हाताची खुर्ची मिळाली. एरवी तो भिंत डावीकडे येईल अशीच जागा धरायचा, पण त्या दिवशी इलाज नव्हता. चहा ओतता ओतता तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

‘‘मला तुम्ही आवडता,’’ ती म्हणाली.

तो येणाऱ्या गाडीकडे बघत होता. ‘‘हो, घेऊ ना,’’ तो म्हणाला. ‘‘दोन टोपल्या घेऊ.’’

तिने त्या टोपल्यांमधलं काय खाल्लं ते तिला आठवत नाही. घरी जाताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. नाही म्हणायची ही कसली पद्धत, आणि उद्या ताईला काय सांगायचं… कानांपर्यंत चेहरा तापला होता.

मंगळवारी तपासणीला एक आजोबा आले. प्रश्न विचारला की ते पुढे झुकत, मान वळवत आणि तिच्या ओठांकडे टक लावून बघत. तिने सवयीने कागदावर लिहिलं, ‘ओठ वाचतात’, आणि तिचं पेन तिथेच थांबलं.

डावीकडे भिंत, पुढे झुकणं, ती नजर. रोज जे दहा माणसांत ओळखायचं, त्याकडे तिने सहा-सात रविवार चक्क कानाडोळा केला होता. आधी तिचा जीव भांड्यात पडला : त्याने नाही म्हटलंच नव्हतं, त्याला ऐकूच आलं नव्हतं. मग दुसरा विचार आला. तो इतका वेळ तिच्याकडे बघत होता, तो निव्वळ ऐकण्यासाठी.

पुढच्या रविवारी ती मुद्दाम त्याच्या डावीकडे बसली. चहाचा पेला तोंडासमोर धरून तिने विचारलं, ‘‘या इमारतीत किती मजले आहेत?’’

‘‘मस्त आहे, नाही?’’ तो म्हणाला.

तिने पेला खाली ठेवला आणि त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे सरळ सांगितलं. आधी तो हसला, मग इथे आवाजच फार आहे म्हणाला. लहानपणी कान फुटायचा, एवढं शेवटी कबूल केलं. कंपनीच्या तपासणीत आजवर कसंबसं निभावून नेलं होतं. हे बाहेर पडलं तर हातातलं काम काढून घेतील आणि गोदामात बसवतील. यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस म्हणून तर त्याला मान होता.

ती म्हणाली, ‘‘वरून कोणी सरक म्हणून ओरडलं आणि तुम्हाला ऐकूच आलं नाही तर?’’

‘‘म्हणजे तू मला तपासायला इथे आणलंस?’’

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ‘तू’ आलं, आणि तेही असं. तो उठून गेला. त्याच्या वाटणीची दोन डंपलिंग टोपलीत गार होत राहिली.

दोन रविवार गेले. एकदा ती एकटीच एका ठिकाणी गेली, टोपलीतली चारही डंपलिंग खायला घेतली आणि तिसऱ्यालाच कंटाळली. ताईने काही विचारलं नाही, नुसतीच तिच्या ताटात वाढत राहिली. ताई विचारत नाही म्हणजे तिला सगळं कळलंय, हे तिला ठाऊक होतं.

तिसऱ्या गुरुवारी नावनोंदणीच्या बाईंनी दारातून डोकं आत घालून सांगितलं की एक लिफ्टवाले आलेत, तुमच्याकडूनच तपासून घ्यायचं म्हणतात.

तो आत आला, उभाच राहिला. काल यंत्राच्या खडखडाटात काम करताना जोडीदार वरून तीनदा ओरडला, म्हणाला. शेवटी त्यानेच खाली उतरून याला पट्ट्याला धरून मागे ओढलं. ‘‘वाचलो,’’ एवढंच म्हणून तो खुर्चीत बसला आणि हेडफोन स्वतःच लावू लागला. तिने ते त्याच्या हातातून घेतले. उलटे लावत होता.

पाऊण तास काम चाललं. उजवा कान उत्तम. डाव्याची आलेखावरची रेघ उतारावरून घसरत गेल्यासारखी खाली. शेवटी शब्दांची परीक्षा : ती काचेपलीकडून एकेक शब्द म्हणणार, त्याने तो परत म्हणायचा. ओठ दिसू नयेत म्हणून तिने पुठ्ठा तोंडापुढे धरला. डाव्या कानाने वीसपैकी अकरा शब्द पकडले.

मग तिने त्याला काचेच्या अलीकडे, आपल्या टेबलापाशी बसवून नीट समजावलं. पडद्याला भोक असणार, कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं, बहुधा ऑपरेशन, नाहीतर मशीन. मशीन लावून काम करता येतं. कंपनीला ती स्वतः पत्र लिहील, पण लपवायचं मात्र आता नाही. त्याने मान हलवली. डॉक्टरांकडे कधी जायचं ते विचारून घेतलं. आता उठायला हवं होतं, पण तो उठला नाही.

‘‘परवा फार वाईट बोललो,’’ तो म्हणाला.

‘‘परवा नाही, तीन आठवडे होत आले.’’ ती कागद नीट लावत राहिली. मग न राहवून म्हणाली, ‘‘एक विचारू? इतके रविवार माझ्याकडे बघत होतात… ते ऐकण्यासाठीच ना?’’

त्याने घाई केली नाही. आठवून बघितलं.

‘‘पहिले दोन रविवार, हो.’’

‘‘आणि नंतर?’’

‘‘नंतर बघता बघता निम्मं बोलणं निसटायला लागलं. उजव्या कानाचंसुद्धा.’’

ती म्हणाली, ‘‘त्या गाड्यांच्या हॉटेलात मी तुला एक सांगितलं होतं. तू टोपल्या मागवल्यास.’’

‘‘काय सांगितलं होतंस?’’

बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. तिने टेबलाला वळसा घातला, त्याच्या डाव्या बाजूला गेली, वाकली आणि कानाजवळ तोंड नेऊन तेच वाक्य म्हणाली, फक्त ‘तुम्ही’च्या जागी ‘तू’ घालून.

त्याची मान, कानाची पाळी, सगळं लालबुंद झालं. तरी त्याने चेहरा कोरा ठेवला.

‘‘नीट नाही ऐकू आलं,’’ तो म्हणाला. ‘‘पुन्हा एकदा…?’’

अकरा वर्षं तिने हेच काम केलं होतं. ऐकू येऊनही न आल्याचं सोंग करणारी माणसं तिला बसल्या जागी ओळखू यायची. तिने त्याच्याकडे बघितलं, खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा एकदा सांगितलं.