परीक्षक बदलला आहे

पहिल्या शनिवारी कुणीही येणार नाही, हे मी घरातून निघतानाच गृहीत धरलं होतं. तरीही वाचनालयाच्या वरच्या खोलीत वेळेआधी जाऊन खुर्च्या मांडल्या. आधी रांगेत, मग गोलात. तो रिकामा गोल बघवेना, म्हणून निम्म्या खुर्च्या परत भिंतीशी न्यायला लागले. शेवटची हातात होती, तेवढ्यात मागून आवाज आला —

"बसायचं की उचलायचं?"

मी इतकी दचकले की खुर्ची त्याच्या पायावरच सोडली.

"बसायचं! सॉरी… लागलं का?"

"लागलं. पण आता बसायला कारण मिळालं."

उंच, जरासा वाकलेला, चष्म्याच्या काचेवर बोटाचा ठसा. हसताना आधी डोळे हसायचे, ओठ मागून यायचे. मी नको तितका वेळ बघत राहिले आणि मग उगाच टेबल पुसलं.

खालच्या फलकावरचा कागद माझाच होता. 'ऑनलाइन धडे बनवता? एकटेच बनवता? अडलेलं काम घेऊन दर शनिवारी या.' मी घरी बसून एका कंपनीसाठी असे धडे बनवते — कामगारांनी वजन कसं उचलावं, गिऱ्हाईकाशी कसं बोलावं. चित्रं, आवाज, प्रश्न, सगळं मीच. अडलं तर विचारायला कुणी नाही. आईच्या मते मी दिवसभर कॉम्प्युटरशी भांडते, आणि ते फारसं खोटं नव्हतं. असं आणखी चार दिवस चाललं असतं तर मी हे काम सोडूनच दिलं असतं.

"तुमचं काय अडलंय?" मी विचारलं.

"मी पूर्वी बनवायचो धडे. हल्ली…" तो थांबला. "हल्ली नुसताच एकटा असतो."

एवढं ऐकलं आणि माझा बांध फुटला. कंपनीत माझं काम तपासणारा एक परीक्षक होता. नाव कळू देत नाहीत, फक्त लाल अक्षरांत सूचना येतात. मी त्याला 'लाल शाई' म्हणायचे.

"परवा लिहितो काय, 'या पानावर शिकणारा झोपेल.' झोपेल! माणूस आहे की कोण?" मी तावातावाने लॅपटॉप उघडला. वजन उचलण्याचा धडा पडद्यावर आला आणि त्याचा चेहराच पडला.

"हा… हा धडा तुमचा?"

"का? तुम्हालाही झोप आली?"

"नाही," तो म्हणाला. "होती ती उडाली."

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. मग गणिताचे धडे करणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या. मग दवाखान्यासाठी धडे बनवणाऱ्या नर्सताई आल्या आणि थर्मासभर चहाही आला. कुणाचा आवाज चित्राच्या पुढे पळायचा, कुणाचं बटण रुसायचं. चौघं मिळून पडद्यावर डोकी घालायचो आणि मार्ग निघायचा. लाल शाईला शिव्या घालणं हा तर सगळ्यांचाच आवडता कार्यक्रम झाला. फक्त तो तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघायचा.

कंटाळत असेल माझ्या रडगाण्याला, असं वाटायचं. पुढच्या वेळी काही बोलायचं नाही, असं ठरवायचे आणि बोलायचेच. माउसकडे जाताना त्याच्या शर्टाची बाही माझ्या मनगटाला घासली की पुढचं वाक्य विसरायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. शुक्रवारपासून मात्र एकच धास्ती — उद्या तो आला नाही तर?

अशाच एका शुक्रवारी कंपनीचा मेल आला. 'आपल्या कामासाठीचा परीक्षक बदलण्यात आला आहे.' बस्स, एवढंच. माझा करार त्याच महिन्यात संपत होता.

दुसऱ्या दिवशी मी धावतच जिना चढले. तो एकटाच खुर्च्या मांडत होता.

"लाल शाईने माझं काम सोडलं!"

"मग… आनंदच व्हायला हवा तुला."

"कसला आनंद? कडू होता, पण अक्षर न् अक्षर वाचायचा. त्याच्यामुळे माझे धडे सुधारले. त्यानेच सोडलं म्हणजे आता कंपनी मला नारळ देणार."

"नाही देणार. तुझ्या कामाबद्दल चांगलंच लिहून दिलंय मी."

पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कुणी?"

"मी."

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "म्हणजे इतके दिवस मी तुझ्या तोंडावर तुलाच शिव्या घालत होते?"

"हो. काही तर फार नेमक्या होत्या."

"हसू नकोस! सांगायला काय झालं होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण तू विचारलंस, माणूस आहे की कोण… नंतर भीती वाटायला लागली. तू दार बंद केलंस तर मी शनिवारी जाणार कुठे?"

"मग काम कशाला सोडलंस?"

त्याने चष्मा काढला, परत घातला. "तुझं काम तपासायला मी नालायक झालोय."

"चुका दिसत नाहीत आता?"

"दिसतात गं, ढीगभर दिसतात. लिहवत नाहीत. लिहायला घेतो, ते वाचताना तुझा चेहरा कसा होईल ते दिसतं, आणि खोडून टाकतो. मागच्या धड्यात एक चूक तशीच जाऊ दिली मी. अशाने तुझंच नुकसान. म्हणून वर कळवलं."

रागाने की कशाने कोण जाणे, मी ती खुर्ची दाणकन गोलात आदळली. जिन्यावर पावलं वाजली. त्याने बॅग उचलली.

"जातो मी. त्यांना तू सांग."

"तूच सांग," मी म्हणाले.

आणि त्याने सांगितलं. सगळ्यांसमोर, उभं राहून, एकही सबब न देता.

"म्हणजे ह्या पोरीला रडवणारा तूच?" बाई कडाडल्या.

"आणि वर आमचाच चहा पीत होतास!" नर्सताईंनी थर्मास जवळ ओढला. "लाज नाही वाटली?"

"मुखदुर्बळ कुठला! लिहिताना बरी धार येते!" बाई थांबेनात.

तो मान खाली घालून ऐकत होता. खरं तर मला गंमत वाटायला हवी होती. पण एकेक शब्द मलाच लागत होता.

"पुरे!" मी ओरडले. "त्याला काय बोलायचं ते मी बोलेन. तो हक्क फक्त माझा आहे!"

माझे कान तापले. त्याने हळूच मान वर केली. आधी डोळे हसले.

"किती दिवसांसाठी?" त्याने विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं. त्या पदराने चष्मा पुसायला लागल्या होत्या. "आमच्याकडे काय बघतेस? उत्तर दे त्याला."

"कायमचा," मी म्हणाले. आणि तो शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.