न सापडलेला धडा

"ताई, सरांचा शेवटचा धडा कॉम्प्युटरवर नाहीये," क्लासच्या ऑफिसातल्या काकू फोनवर म्हणाल्या. "म्हणजे होता. आता नाही."

ताई तशीच निघाली. विम्याचे दावे तपासणं हेच तिचं काम. 'होता, आता नाही' असं कोणी म्हटलं की त्यामागे कोणाचा तरी हात असतो, हे ती अनुभवाने शिकली होती.

बाबांना जाऊन आठवडा झाला होता. त्यांचा क्लास इंग्रजी व्याकरणाचा. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी ते रिकाम्या वर्गात बसून धडे रेकॉर्ड करायचे. त्या संध्याकाळचा धडा भल्याभल्यांना घाम फोडणारा होता: कोणत्या क्रियापदापुढे 'टू' लावायचं आणि कोणत्यापुढे 'आयएनजी'चं रूप. कुलूप लावायला आलेल्या काकूंना ते खुर्चीतच सापडले. फोन हाताशी होता. ताईला त्यांनी केला नव्हता.

तिनेच बजावलं होतं ना, "बाबा, कामाच्या वेळी फोन करत जाऊ नका हो." आणि बाबा शब्दाचे पक्के. त्यांना दुखलं होतं का? फोन करायला वेळ होता, आणि तरी केला नाही? उत्तर त्या धड्यात असणार. तिला तो हवा होता आणि ऐकायची भीतीही वाटत होती.

"तुम्ही स्वतः पाहिला होता?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. आज पाठवायला बसले तर गायब."

"किल्ल्या कोणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक धाकट्या सरांकडे. माझ्यावर संशय असेल तर चहा टाकलाय, तो प्या आणि मग पकडा."

धाकटे सर बाबांचेच जुने विद्यार्थी. आता खालच्या वर्गाला शिकवायचे.

"त्या दिवशी तुम्ही इथे होतात?"

"दुपारीच गेलो, ताई. दाढ ठणकत होती. सर भेटले ते जेवणाच्या सुट्टीत, शेवटचे."

"आणि धडा?"

"ऐकलाच नाही. धीरच होत नाही हो."

त्यांचे डोळे खरंच भरले होते. ताईला स्वतःचीच लाज वाटली.

वर्गाची खिडकी अर्धी ताज्या रंगाची, अर्धी गंजलेली होती. बाहेर शिडीवर रंगारी गंज घासत होता.

"त्या संध्याकाळी तुम्हीच होतात?"

"मीच. आलोच उन्हं उतरल्यावर. नंतर सरांचं कळलं, मग पाऊल उचलेना. आज आलोय."

"आतलं काही ऐकलंत?"

"सर शिकवत होते. मी शिट्टी वाजवत होतो. त्यांनी काचेवर टकटक केली, मी गप्प. मग ब्रश निसटला तो थेट खालच्या कुंडीत! 'गेला ब्रश कुंडीत,' असं मी ओरडलो आणि आत हशा पिकला."

"कोण हसलं?"

"काच दुधी आहे, ताई. दिसतंय कुठे?"

"नंतर ब्रशचं कोणाला सांगितलंत?"

"वेड लागलंय का मला? ब्रश पाडणाऱ्या रंगाऱ्याला काम कोण देईल?"

ताई आत वळली. धाकट्या सरांचा तास नुकताच सुटला होता. फळ्यावर इंग्रजीत दोन वाक्यं होती. एकाचा अर्थ: कुंडीतला ब्रश काढायला रंगारी थांबला. दुसऱ्याचा: रंगाऱ्याने शिट्टी वाजवणं थांबवलं. क्रियापद एकच, पुढचं रूप बदललं की गोष्ट बदलते.

तिने दार लोटून घेतलं.

"छान उदाहरण आहे. कोणाचं?"

"सुचलं असंच."

"बाबा पुस्तकातल्या उदाहरणाला शिळं म्हणायचे. समोर जे घडेल त्याचंच वाक्य करायचे. रंगारी त्या एकाच संध्याकाळी आला होता. ब्रशचं त्याने नंतर कोणाला सांगितलं नाही. तुम्ही दुपारी गेलात, धडा ऐकला नाहीत. मग कुंडीतला ब्रश तुम्हाला कुठून माहीत?"

धाकटे सर बाकावर बसले.

"हशा एकट्याचा नसतो, आत दोघं होते," ती म्हणाली. "आणि किल्ली तुमच्याकडे आहे."

"दाढ खोटी," ते पुटपुटले. "मी समोरच होतो. सर म्हणाले, छातीत कसंतरी होतंय, उद्या करू. मी म्हणालो, परीक्षा तोंडावर आहे सर, वाक्यांची एवढी जोडी संपवा. त्यांनी संपवली. मग मला म्हणाले, जा तू, मी बसतो जरा. आणि ताई, मी गेलो." त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "कॉम्प्युटरवरनं काढला, पण कायमचा पुसायला हात धजेना. त्यात शेवटी तुमच्याबद्दल आहे."

तिने ऐकलं. धाकट्या सरांचा घाईचा आवाज. मग ती जोडी, नेहमीसारखी खणखणीत. मग धाप. "ताईंना फोन लावू का, सर?"

"नको रे. हातातलं टाकून पळत सुटेल. रस्ता ओलांडताना इकडेतिकडे बघत नाही ती. बसतो जरा, बरं वाटेल."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि धडा संपला.

ती पळत सुटली असती, हे त्यांना ठाऊक होतं. एवढं कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"पोलिसांत द्या मला," धाकटे सर म्हणाले.

"काय म्हणून?"

तिने पेनड्राइव्ह त्यांच्यापुढे धरला. मुलांची परीक्षा खरंच तोंडावर होती.

"रेकॉर्डिंग कापायला येतं ना तुम्हाला?" तिने विचारलं. "'एवढी जोडी संपवा' हे तुमचं वाक्य तुम्ही ठेवा. हा शेवट मला द्या. मुलांना मधलं व्याकरण पुरे."