वर्षभर यायची गरज नाही

"डॅशबोर्डवरचा तो सर्व्हिसिंगचा दिवा तेवढा विझवून द्या. बाकी गाडीला हात लावायचा नाही!"

बाई आमच्या गॅरेजात शिरल्या त्या अशा तावातावानं. गाडी काळीशार, लांबलचक, लोण्यासारखी चालणारी. वडिलांची नजर अधू झाली म्हणून बाईंकडे आलेली. बाई स्वतः दातांच्या डॉक्टर.

आमच्या मेकॅनिकला आम्ही मास्तर म्हणतो. गिऱ्हाईक दिसलं की समजावून सांगायची खोड, म्हणून. तो म्हणाला, "मॅडम, दिवा विझवतो. पण सर्व्हिसिंग राहीलच ना?"

"गाडी चालतेच कुठे? महिन्यातून दोनदा! ऑइल कशाला बदलायचं?"

"उभ्या गाडीतलंही ऑइल जुनं होतं. ब्रेकचं ऑइल तर हवेतली ओल पितं. गाडी पळो न पळो, मुदत झाली की आणायची." आणि वर विचारतो कसा — "तुमच्याकडे लोक दात दुखल्यावरच येतात का?"

"तसंच करतात मेले!" बाई बोलून गेल्या... आणि हसल्या.

मास्तरनं हातातला पाना खाली ठेवला, उगाच परत उचलला. मी तिथंच ओळखलं, पोरगं गेलं कामातून.

त्यानं काळं ऑइल बोटावर घेऊन दाखवलं, धुळीनं भरलेला फिल्टर दाखवला. बॉनेटखाली दोघांची डोकी इतकी जवळ, की मीच खोकून बाजूला झालो.

सर्व्हिसिंग झालं. पंधरा दिवसांनी बाई परत हजर. "कुठंतरी कुरकुरतंय." मास्तर चक्कर मारून आला — काही नाही. मग टायरची हवा. मग वायपर. अहो, आभाळात ढग नाही आणि हिला वायपरची काळजी!

आणि आमचा शहाणा काय म्हणाला? सगळं तपासून, हात पुसून — "गाडी ठणठणीत आहे, मॅडम. आता वर्षभर यायची गरज नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाल्या आणि किल्ली घेऊन निघाल्या.

मी मास्तरला टायरांच्या ढिगामागं ओढलं. "अरे गाढवा, ती काय गाडीसाठी येते?"

"पण काका, धडधाकट गाडीला खोटं दुखणं कसं लावू? मला नाही जमत."

"मग खरं ते सांग की! गेली तर बस वर्षभर वाट बघत."

बाहेर गाडी सुरू झाली. मास्तर धावला. काच खाली आली.

"काही राहिलं का?" बाईंनी विचारलं.

"गाडीचं नाही..." पोरगं घामाघूम. "माझंच सांगायचं राहिलं. तुम्ही आला नाहीत तर... मला करमायचं नाही."

बाईंनी इंजिन बंद केलं. "माझीही कारणं संपली होती हो. आता हॉर्न बिघडवायच्या विचारात होते."

"हॉर्नला हात लावू नका!"

"मग येऊ कशी?"

"गाडी घरी ठेव," मास्तर म्हणाला... आणि 'तू' म्हटल्याचं कळून कानापर्यंत लाल झाला. "नुसती तू ये. उद्या पाचला."

"साडेपाचला," ती म्हणाली. "पाचला एकाची दाढ काढायचीय."