त्याच्या मापाचा स्वेटर

माझ्या वाळत आलेल्या चादरींवर वरून पाणी ठिबकायला लागलं, तशी मी तणतणत जिना चढले. दार उघडलं नव्या भाडेकरूनं. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासतो तो. त्याच्यामागे दोरीवर, खांद्यांना चिमटे लावून, एक राखाडी स्वेटर लोंबत होता. बाह्या जवळजवळ जमिनीला टेकलेल्या.

"हा तुमचा? की घरात कुणी जिराफ पाळलाय?"

"कालपर्यंत माझा होता," तो रडवेला होऊन म्हणाला. "धुतला आणि टांगला, एवढंच केलं."

भांडायला गेलेली मी तो स्वेटर टबात घालून घरी घेऊन आले. मागोमाग तोही आला. आईनं स्वेटर निरखला. ती विणकाम शिकवते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"हातानं विणलेला दिसतोय. कुणी विणला?"

"माझं... लग्न ठरलंय. तिनं. रविवारी येतेय, तिला घ्यायला हाच घालून जायचंय."

म्हणजे मला पहिल्याच दिवशी सगळं ठाऊक होतं. नंतर कुणाला दोष द्यायची सोय नव्हती.

"गार पाणी, शाम्पूचे थोडे थेंब," मी त्याला शिकवलं. "चोळायचं नाही, पिळायचं नाही. नुसतं दाबायचं."

"किती दाबायचं?"

"कुणाचा हात हातात घेतल्यावर दाबता, तितकं."

"मग दाखवाच..." तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

ताणलेली लोकर एका धुण्यात ताळ्यावर येईना. तो रोज संध्याकाळी खाली यायला लागला. ओला स्वेटर टॉवेलात गुंडाळून आम्ही दोघं वरून तळव्यांनी दाबायचो. तो दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, मी पोट धरून हसायचे. आई आतून मुद्दाम भांडी वाजवायची.

शुक्रवारी मी टेप काढला. स्वेटर आडवा पसरून मापात बसवायचा, तर अंगाचं माप हवं. छातीभोवती टेप गुंडाळला, तेव्हा त्यानं श्वास रोखून धरला.

"श्वास सोडा."

"सोडला तर माप चुकेल."

"नाही चुकणार."

त्यानं सोडला. माझ्या कपाळावरची बट हलली. टेपवरचे आकडे मला दिसेनासे झाले, पुन्हा मोजावं लागलं.

शनिवारी आईच्या टेबलावर स्वेटर वाळला होता. खांदे जागेवर, बाह्या मनगटापर्यंत. त्यानं तो उचललाच नाही.

"तुम्ही म्हणालात तर... मी तिला नाही म्हणेन."

मला हेच ऐकायचं होतं. आठवडाभर दुसरं काहीही नको होतं मला. मी स्वेटरच्या गळ्यावरून बोट फिरवलं. तिथं टाका चुकला होता, उसवून पुन्हा घातला होता. कुणीतरी याच्यासाठी दिव्याखाली डोळे फोडून बसली होती.

"मीही तुमच्यावर..." मी म्हणाले, आणि स्वेटरची घडी घालून त्याच्यापुढे सरकवली. "तिनं हा विणलाय हो. मी नुसता धुतला. घेऊन जा."

तो घेऊन गेला. एकदा तरी मागे वळेल, असं वाटलं होतं.

रविवारी तो तिला घेऊन आमच्याकडे आला. मोकळ्या स्वभावाची, गोड मुलगी. तिचा राग करायचा म्हटलं तरी जमेना.

"माझ्या हातून छातीत जरा तंग झाला होता," ती त्याच्या अंगावरचा स्वेटर चाचपत म्हणाली. "आता किती बरोबर बसलाय. काय केलंत तुम्ही?"

तो फरशीकडे बघत राहिला.

"काही नाही," मी म्हणाले. "नीट वाळवला की बसतो."

ती दोघं वर गेली. डोक्यावर पावलं वाजली, मग तिचं हसणं ऐकू आलं. आई माझ्याजवळ येऊन बसली. तिला सगळं कळलं होतं.

"किती दिवस आहे गं ती?"

"जायची नाही, आई. लग्नानंतर इथंच राहणार आहेत. वरच."