क्लचपर्यंतचं अंतर

"आक्का, आता तुम्हीच बसा. माझं पोट स्टिअरिंगला लागतंय," असं म्हणत प्रेरणानं गाडीतून बाहेर पडण्यासाठी दोन्ही हात पुढं केले… आणि गाडीखाली उताण्या पडलेल्या तिच्या नवऱ्याच्या, अमृतच्या हातातला पाना थांबला, गोठ्याच्या दाराशी खाटेवर बसलेल्या आबांचा अडकित्ता थांबला, आणि अमृतची थोरली बहीण शालन होती तिथंच उभी राहिली.

काम तसं एवढंसं होतं. क्लचच्या नळीत हवा अडकली होती. एकानं खाली पडून नट सैल करायचा, दुसऱ्यानं वर बसून पेडल दाबायचं; 'दाब' म्हटलं की दाबायचं, 'धर' म्हटलं की धरायचं. आजवर हे प्रेरणा करत आली होती, पण तिला आता सातवा सरत आला होता, आणि ती गाडी इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे भुईवर फतकल मारण्यातलाच प्रकार. तिच्या जागी गल्लीतलं कुणीही बसलं असतं तरी चाललं असतं. फक्त शालन नको, एवढं या घरात न बोलता सगळ्यांना ठाऊक होतं. प्रेरणा तळेगावची, मोकळ्या घरातली. सासरची मौनं अजून तिच्या अंगवळणी पडली नव्हती.

"बस आक्का," गाडीखालून अमृतचा आवाज आला.

शालनला काही कळेना. हा क्षमेचा स्वर म्हणावा, की नुसती गरज? ज्या भावानं तिला इतक्या वर्षांत स्टिअरिंगच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं, तो आज आपल्या तोंडानं बस म्हणतो… तिनं आबांकडं पाहिलं. आबा सुपारीकडं बघत होते.

कुसगावच्या त्या गोठ्यातल्या म्हशी विकल्या गेल्या तेव्हापासून तिथं ही गाडी आकार घेत होती. दोनच माणसांची, टप नसलेली, स्पर्धेच्या गाड्यांसारखी. लोखंडी सांगाडा, फायबरचं अंग, चाकांचे दांडे असं सगळं सुटं सुटं खोक्यांतून आलेलं, आणि इंजिन एका ठोकलेल्या गाडीतून काढलेलं. अमृत तळेगावच्या कारखान्यात वेल्डिंग-फिटिंगला होता; रविवार उजाडला की तो गोठ्यात शिरायचा. गावाला चघळायला विषय मिळाला होता. ज्याचा डावा गुडघा धड वाकत नाही, क्लच दाबता येत नाही, तो म्हणे गाडी बनवतोय! अमृत हसून म्हणायचा, "पायानं न्हाई तर हातानं दाबीन," आणि खरंच त्यानं गिअरच्या शेजारी क्लचसाठी हाताचा एक दांडा बसवायला काढला होता.

शालननं त्या गाडीसाठी काय नाही केलं? पाणी लावलेल्या पॉलिशपेपरनं फायबर घासता घासता तिच्या बोटांची सालं निघाली. सीटची कव्हरं तिनंच आपल्या शिलाई मशीनवर शिवली. आपण त्याचा पाय परत देऊ शकत नाही, निदान एवढं तरी, असं काहीतरी तिच्या मनात चालायचं… आणि लगेच दुसरं मन फणकारायचं, की तो पाय तू घेतलासच कुठं?

कारण खरं वेगळंच होतं, आणि ते दोघांनाच माहीत होतं. तिला आणि आबांना.

एकेकाळी आबांची जीप होती, लोणावळ्याला आलेल्या पाहुण्यांना फिरवायची. शालन एकोणिसाची झाली, लायसन हाती आलं, आणि ती जीप अशी हाकू लागली की नाक्यावरचे ड्रायव्हरही वळून बघायचे. मग आई गेली. आबा बाटलीला लागले. एका थंडीतल्या गुरुवारी तिघं शिरगावच्या साईबाबांचं दर्शन घेऊन परतत होती. आबा प्यायले होते, तरी चावी देईनात. शालन झोपी गेलेल्या सहा वर्षांच्या अमृतला घेऊन मागं बसली. वळणावर जीप चरात उलटली, आणि अमृतचा गुडघा कायमचा गेला.

लोक धावत आले तेव्हा आबांनी तिचा हात घट्ट धरला होता. "शाले, पोराला आता माझ्याबिगर कोण हाय गं… त्याला माझी भीती बसंल." आणि शालन त्या जमलेल्या लोकांना म्हणाली, "मी चालवत व्हते."

बस, तेवढ्या तीन शब्दांनी तिचं आयुष्य वळलं. जुळत आलेलं लग्न मोडलं. चावी पुन्हा हातात आली नाही. आबांनी मात्र त्या दिवसापासून दारू तोंडाला लावली नाही, म्हणून आपण केलं ते बरंच केलं असं ती स्वतःला समजावत राहिली. अमृत तिला कधी एक शब्द लावून बोलला नाही. पण एकदा तिनं शेजारच्यांची रिक्षा नुसती दारातून मागं घेतली, तेव्हा आत बसलेला तो मुकाट्यानं खाली उतरला होता. ते उतरणं तिच्या जिव्हारी लागलं होतं, आणि अजून तिथंच होतं.

शालन गाडीत बसली. स्टिअरिंग लागताच बोटं आपोआप त्याच्याभोवती आवळली.

"दाब," अमृत म्हणाला.

तिनं पाय लांबवला. अंगठा पेडलला टेकला, पण पेडल काही तळाला जाईना. सीट गाडीच्या तळाला बोल्टनं पक्की होती, अमृतच्या उंचीच्या मापानं; प्रेरणाही उंच, तिचा पाय पुरायचा.

"पुरत न्हाई रं."

"मग जरा फुडं सरक की."

"फुडं सरकले तर पाठ अधांतरी ऱ्हातीया, जोर लागत न्हाई. पाठीला कायतरी दे. ती आईची गोधडी हाय ना फळीवर, तीच दे. जीपला बी तीच लागायची मला."

प्रेरणानं गोधडी आणून दिली. शालननं ती सवयीनं चौघडी घालून पाठीशी कोंबली, आणि पेडल तळाला गेलं. दाब… धर… सोड… दाब. हवा निघून गेली, पेडल टणक झालं. कितीतरी वर्षांनी तिच्या डाव्या पायाला काम मिळालं होतं, आणि ती अगदी नकळत हसत होती.

खालून मात्र पुढची आज्ञा येईना.

"कायम लागायची?" अमृतनं विचारलं.

"काय?"

"गोधडी. जीपमधी."

"कायम. त्याबिगर मला क्लच दाबायलाच यायचा न्हाई," ती बोलून गेली… आणि मग तिनं जीभ चावली.

अमृत सरपटत बाहेर आला. त्याच्या तोंडावर ऑइलचा पट्टा होता आणि डोळे भलतेच मोठे झाले होते. त्या गोधडीची गोष्ट घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली जायची. डॉक्टर म्हणाले होते, पोरगं जाड गोधडीत गुंडाळलेलं होतं म्हणून डोकं वाचलं. आईनं जाता जाता लेकराला राखलं. अमृत स्वतः ती गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. आणि शालन गोधडी पाठीशी घेऊन जीप चालवायची हे जुन्या माणसांना माहीत होतं. एका घरातल्या या दोन गोष्टी, पण आजपर्यंत कुणी त्या शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

"मग त्या दिवशी ती माझ्या अंगावर कशी, आक्का?"

शालनचा गोंधळ उडाला. खरं सांगावं, तर आबा तिथं बसलेले, थकलेले. न सांगावं, तर हा भाऊ असा समोर उभा… तिच्या तोंडून तेच निघालं जे इतकी वर्षं निघत आलं होतं.

"त्या दिवशी तशीच चालवली. तुला थंडी वाजत व्हती म्हून गोधडी तुला दिली. पाय पुरला न्हाई, म्हून तर उलटली."

अमृत तिच्याकडं बघतच राहिला. विश्वास ठेवावा की ठेवू नये हे त्यालाही कळेना. तेवढ्यात दाराशी अडकित्ता खाली पडला.

"बास कर, शाले," आबा म्हणाले. "किती घेशील अंगावर? अमृत, ती मागं बसली व्हती. तुला मांडीवर घिऊन. जीप मी चालवत व्हतो… पिऊन."

प्रेरणा तोंडावर पदर धरून भिंतीला टेकली. अमृत मटकन गाडीशेजारी खाली बसला.

"तू रिक्षा मागं घेत व्हतीस, तवा मी उतरलो व्हतो," तो म्हणाला. "आक्का, तू एका शब्दानं बोलली न्हाईस…"

"कसं बोलू? तू आबांचं बोट धरून परत चालायला शिकलास. ते बोट मी कुठल्या तोंडानं सोडवू?"

अमृतनं तिच्या पायांवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. शालनचा हात त्याच्या केसांतून फिरत होता, पण तिला स्वतःला काय होतंय हे समजत नव्हतं. या क्षणाची वाट पाहिली होती. तो आला तर आनंद व्हायला हवा होता. आणि आता आत सगळं रितं, त्यात राग, त्यात माया… आबांनी पुढं केलेला हात तिला दिसला, पण त्या दिवशी तो तिला धरता आला नाही.

पुढच्या रविवारी ती गोठ्यात आली तेव्हा हाताचा दांडा काढून कोपऱ्यात टाकलेला होता, आणि अमृत पेडलांची पट्टी नव्यानं वेल्ड करत होता. पेडलं सीटकडं सरकली होती.

"आरं, हे काय? तुझं गुडघं अडकतील की. तुला बसता यायचं न्हाई हितं."

"न्हाईच यायचं," तो मुखवटा वर करत म्हणाला. "ह्या गाडीत तुझ्याबिगर कुणालाच तितं बसता यायचं न्हाई. माप तुझं घेतलंय."

रस्त्यावर न्यायची परवानगी मिळेल तेव्हा मिळेल. आपल्याच शेताच्या कडेनं माळापर्यंत जायला कुणाला विचारायचं होतं? शालन बसली. पाठ सीटला टेकली, पाय पेडलला पुरला. सीटवर राहिलेली गोधडी तिनं उचलली आणि क्षणभर तशीच धरली. आबा खाटेवर मान खाली घालून बसले होते.

"आबा, ही घ्या," ती म्हणाली. "मला आता लागत न्हाई. प्रेरणाचं लेकरू आलं की तुमच्या हातानं पांघरा त्याला."

आबांनी दोन्ही हात पुढं केले. गोधडी घेताना त्यांना रडू आवरेना, आणि शालननं ती लगेच सोडली नाही. गोधडीच्या दोन टोकांना दोघं जण थोडा वेळ तशीच थांबली.

मग अमृत शेजारच्या सीटवर बसला. डावा पाय त्यानं दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, आणि पट्टा लावायलाही विसरून तिच्याकडं पाहिलं.

"चल आक्का."

"पट्टा लाव आधी," शालन म्हणाली, आणि तिनं क्लच तळापर्यंत दाबला.