पाठीवरची लाट

खारदांड्यात जाळी सुकत घालतात त्या गल्लीच्या तोंडाशी, बर्फाच्या गोदामाच्या भिंतीवर सरूबाईची आय उभी होती. माणसाएवढी. डोक्यावर टोपली, पायाशी लाट आणि डोळे थेट बघणाऱ्यावर. चित्रकाराने तिला समोर उभं करून रंगवलं आणि त्याच साली ती गेली. पुढे चित्राचं नाव झालं, लांबलांबून माणसं फोटो काढायला येऊ लागली. घरात मात्र आयचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा उरला होता तो त्या भिंतीवरच.

रोज बाजाराला निघताना सरूबाई टोपलीवरचं ओलं फडकं उचलून तिला मासळी दाखवी.

"आयेला दाखवतेस, तर भाव पण विचार की गं," जाळं विणता विणता शेजारचा चंदू चिडवी.

"तिचा भाव तुला परवडायचा नाय रे!"

लहानपणी कालवं काढताना शिंपल्याने सरूची डाव्या पायाची करंगळी गेली. तेव्हापासून लाट आली की आय वळायची, पोरीला पोटाशी धरायची आणि गुणगुणायची:

लाट येता गं दाराशी, पाठ माझी मी देईन
लेक सरू गं पोटाशी, कोरडी मी ठेवीन

त्या सकाळी फोटोवाल्यांच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस होता. पाळी आली तसा त्याने पिशवीतून काळा रंग भरलेला डबा काढून उघडला.

"किती दिवस बघतोय," तो हळूच म्हणाला, "ही नजर हटवतच नाही."

रांग थिजली. सरूबाईने टोपली टाकली, धावली, चित्राला पाठ लावून हात पसरून उभी राहिली. त्याने डबा भिरकावला. तिने डोळे मिटले.

गार काहीतरी अंगाभोवती लपेटलं गेलं. ओल्या लुगड्याचा वास आला.

डोळे उघडले तेव्हा चंदूने त्या माणसाला धरलं होतं. जमीन काळी, टोपलीतले बोंबील काळे. सरूबाईवर एक शिंतोडा नव्हता.

"सरू, लागलं नाय ना?" चंदूने विचारलं. मग त्याने तिच्या मागे बोट दाखवलं.

ती वळली.

आय पाठमोरी होती. काळा रंग तिच्या पाठीवरून ओघळत होता.

"आये, बघ ना गं माझ्याकडं."

लुगड्याच्या काठाखाली, आयच्या पोटऱ्यांआड, दोन लहान पावलं दिसत होती. कोरडी. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

सरूबाईने आपला डावा पाय हळूच मागे घेतला.

भिंतीवर एकच लहान पाऊल उरलं, उजवं.