अकरावी पाटी

मोटार चालविणाऱ्यास रस्त्यावरची खूण कितपत समजते, हे मोजता येते असे माझे मत होते. १९१३ च्या फेब्रुवारीत मी ते धारेस मोजले.

पुण्यास पदार्थविज्ञान शिकून मी धार संस्थानात रस्त्यांचा ओव्हरसियर झालो होतो. मोटारी आल्या तेव्हा मनावर गावाकडे उतरणाऱ्या घाटात खुणांचे फलक लावण्याचे काम माझ्याकडे आले. निम्म्याहून अधिक मोटारवाल्यांस अक्षरओळख नव्हती. म्हणून तांबड्या त्रिकोणात चित्रे काढली. वळण, उतार, पूल, शाळा अशी एकूण दहा. परीक्षेसाठी त्यांच्या वीतभर पाट्या केल्या. अकराव्या पाटीवर नुसता त्रिकोण होता, आत काही नाही. ती पडताळ्यासाठी. कोऱ्या पाटीत ज्याला काही दिसेल त्याला रस्त्यावरही नसलेले दिसेल, सबब तो नापास. हा नियम मीच लिहिला.

परीक्षार्थी आठ होते. सहा धारचे, दोन देवासचे; तिथे एकाच गावात दोन भावांच्या दोन गाद्या, म्हणून एक थोरल्या पातीचा आणि एक धाकट्या पातीचा. एकेकास कचेरीत बोलावून पाटी दाखवावयाची, घड्याळ पाहावयाचे, उत्तर लिहावयाचे.

पहिला दत्ताजी. पुलाची पाटी बघून हसत म्हणाला, "खाट आहे, साहेब."

"रस्त्यात खाट कशाला असेल?"

"तेच म्हणतो मी. कुणीतरी उचलून ठेवायला पाहिजे."

मग मी अकरावी पाटी धरली. यावेळी तो हसला नाही. "थांबायचं. ती गेली की निघायचं."

"ती कोण?"

"ते आपण कशाला विचारा, साहेब?"

थोरल्या पातीचा उमाशंकर मालवीत बोलला, "रुकी जाणो, साब. वा निकली जाय, पछे चालणो." तेच उत्तर. धाकट्या पातीच्या माणसाचेही तेच. इतर पाट्यांना उत्तर देण्यास सरासरी चार सेकंद लागले होते. अकरावीला एकही पुरा लागला नाही.

शेवटी गणोजी आला. वय बावन्न; तीस वर्षे पागेत बग्गी हाकलेली. दिवाळीत पागा मोडली, घोड्यांचा लिलाव झाला. मोटार मिळाली नाही तर त्याला परतण्यास जागा उरली नव्हती. दहाच्या दहा पाट्या अचूक ओळखणारा तो एकटाच. अकरावी पाहून त्याने मान खाली घातली.

"गणोजी, यात काही नाही एवढंच म्हणा, आणि पास व्हा."

"खोटं कसं बोलू, साहेब? थांबायला लागतं तिथं."

"तिथं म्हणजे कुठं?"

"घाटाच्या अलीकडं. पळसांच्या सरळीत."

त्या जागी मी फलक लावलेला नव्हता.

पाटी मी भिंगाखाली तपासली. नवे लाकूड, नवा रंग घेऊन दुसरी केली. उत्तरे बदलली नाहीत. आपसांतील संगनमत हाच निष्कर्ष उरत होता, व तो रस्त्यावरच सिद्ध होणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गणोजी मला घेऊन निघाला. ऊन स्वच्छ होते, वारा नव्हता. दोन्ही बाजूंस फुललेले पळस, मधोमध अर्धा मैल सरळ रस्ता, त्यावर चिटपाखरूही नाही. मध्यावर त्याने मोटार थांबवली. त्याची मान उजवीकडून डावीकडे सावकाश फिरली, चालत्या माणसाकडे पाहताना फिरते तशी. मी घड्याळ पाहिले. एकोणीस सेकंद. मग तो निघाला.

मी मोटार वळवून पुन्हा आणावयास सांगितली. पुन्हा तीच जागा, पुन्हा तो थांबला.

"आता न थांबता चला. हीच परीक्षा समजा."

"ती मधोमध आहे, साहेब."

"गणोजी, नोकरीचा प्रश्न आहे."

"माझ्याच नोकरीचा ना? मग करा नापास." त्याने हात चक्रावरून काढून घेतले.

मी त्याला बाजूला सरकवले आणि स्वतः चालवावयास बसलो.

समोर रस्ता होता. धूळ होती. दुसरे काही नव्हते.

मी मोटार पुढे घेतली.

चाकांखाली काहीही आले नाही. धक्का नाही, आवाज नाही. हे मी तेव्हाच वहीत नोंदवले.

गणोजीने डोक्यावरचे पागोटे काढून मांडीवर ठेवले होते. धार येईपर्यंत त्याने ते पुन्हा घातले नाही.

पडताळ्यात दोष असावा, असे समजून मी तिसऱ्या दिवशी सर्वांची फेरपरीक्षा घेतली. देवासचे दोघे त्याच सकाळी देवासहून थेट आले होते. आदल्या दिवसाची हकीगत त्यांना कळण्यास मार्ग नव्हता.

अकरावी पाटी पाहून उमाशंकर म्हणाला, "कोरी है, साब."

"परवा थांबायचं म्हणालात."

"परवा थी."

आठांनी तेच उत्तर दिले. कोरी. आता काही नाही. नियमाप्रमाणे आठही पास झाले. गणोजीला अकरापैकी अकरा. त्याची नोकरी पक्की झाली, याचे मला समाधान वाटले व ते मी बोलून दाखवले.

त्याने दाखला दोन्ही हातांनी घेतला. इतरांप्रमाणेच तोही नमस्कार न करता वळला. इतक्या वर्षांच्या पागेतल्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हते.

"गणोजी, रागावलात?"

"नाही, साहेब. दहा दिवसांनी येऊन करीन."

सुतक असलेल्यास नमस्कार करीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे कोणी गेलेले नव्हते, हेही ठाऊक होते.

संध्याकाळी घरी आलो. कचेरीतले मी घरी कधी बोलत नाही. या परीक्षेविषयीही बोललो नव्हतो. माई, माझी आई, ओसरीवर वाती वळीत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे बराच वेळ पाहिले, आणि पुन्हा वातीकडे वळली.

हातपाय धुऊन मी आत गेलो. देव्हाऱ्यात कालचीच फुले होती. माईने त्या दिवशी पूजा केली नव्हती.

मी कारण विचारले नाही.